हलक्या आलेल्या कांजण्या

"आईनंच सांगितलं म्हने डाक्टरला, लेकीला कांजन्या झाल्यात म्हनून. आता बसलीय बाहेर. पान्याचा घोटबी घेत नाय."

दाराबाहेर लादी पुसणाऱ्या मावशी दुसरीला सांगत होत्या. त्या हरसूलकडच्या, आवाज हळू करणं त्यांना जमत नसे. दवाखान्यात मला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. कांजण्या अंगभर होत्या आणि छातीतही उतरल्या होत्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डोळे मिटलेले होते, म्हणून त्यांना वाटलं मी झोपलेय.

"मंग? खोटं सांगितलं का तिनं?"

"खोटं कशाला सांगंल? आई हाय ती. इसरली आसंल."

आई विसरली नव्हती आणि खोटंही बोलली नव्हती. खोटं माझं होतं, सात वर्षांची असतानाचं. डोळे उघडून ते मावशींना सांगता आलं असतं. पण तोंडावर मास्क होता. तेवढं कारण मला पुरलं.

हे लिहितेय ते माझ्यासारखी औषधं चालू असलेल्या लोकांसाठी. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या ज्यांना रोज घ्याव्या लागतात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. धीर देणारं काही माझ्याकडे नाही. जे घडलं ते आहे.

*

मी फारसं बोलत नाही. शाळा इंग्रजी, घर मराठी, सुट्टी मामाकडे कळवणला. शाळेत मराठीत आलेला विचार इंग्रजीत बसवायचा आणि मामाकडे इंग्रजीत आलेला मराठीत. दोन्हीकडे वाक्य जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. मग मी ऐकत राहायला शिकले.

शिक्षण संपल्यावर गंगापूर रोडच्या एका लहानशा शाळेत सिनियर केजीला मदतनीस टीचर म्हणून लागले. पाच वर्षांची मुलं तुमच्या गप्प राहण्याचे अर्थ काढत नाहीत, म्हणून ती नोकरी मला जमली.

वर्षभरात घोट्यांवर मोज्यांचे वळ राहायला लागले. दिवसभर उभं राहून होत असेल, असं वाटलं. मग सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले असायचे. आई म्हणाली, "मीठ कमी कर." मी केलं. लघवीला फेस येत होता, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. असं कसं सांगणार? तीन आठवडे तसेच गेले. चौथ्या आठवड्यात शाळेच्या जिन्यावर धाप लागली आणि हेडबाईंनी पप्पांना फोन केला.

तपासण्या झाल्या, किडनीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ज्या दिवशी तो रिपोर्ट आला, त्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टर मॅडमच्या समोर बसलो होतो. पप्पांच्या मांडीवर फाईल होती आणि आईच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, जिच्यात माझ्या जन्मापासूनची सगळी कागदपत्रं.

"शरीराची प्रतिकारशक्ती तुझ्याच किडनीवर उलटलीय," मॅडम म्हणाल्या. "लुपस म्हणतात याला."

"बरी होईल ना?" पप्पा.

"कंट्रोलमध्ये येईल."

पप्पांनी मान डोलावली. त्यांनी काय विचारलं आणि त्यांना काय उत्तर मिळालं, यातला फरक त्या खोलीत बहुतेक मलाच कळला.

"आता जी औषधं सुरू करायची, ती प्रतिकारशक्ती दाबतात. म्हणून आधीच विचारते. लसी सगळ्या झाल्यात?"

आईनं पिशवीतून पिवळं पडलेलं कार्ड काढलं. पोलिओ, गोवर, सगळ्यांवर शिक्के होते. मॅडमनी बोट फिरवलं.

"कांजण्या?"

"झाल्यात ना!" आईचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला. निदान एका प्रश्नाचं तरी चांगलं उत्तर तिच्याकडे होतं. "सातव्या वर्षी, कळवणला, माझ्या भावाकडे. हलक्या आल्या होत्या. बघा ना, अंगावर एक डाग नाही तिच्या."

"नक्की कांजण्याच?"

"मी स्वतः लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घातली तिला, मॅडम."

"बरं झालं. नाहीतर लहान मुलांच्या शाळेत मी जाऊच दिलं नसतं. कांजण्यांची लस जिवंत विषाणूची असते, ती आता देता येणार नाही. आणि लस देऊन महिनाभर थांबायला वेळही नाही." लिहिता लिहिता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला आठवतंय ना गं?"

मी मान हलवली.

मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

*

कळवणला मामाच्या घरी त्या उन्हाळ्यात माझ्या मामेबहिणीला, सोनलला, कांजण्या आल्या. तिकडे त्याला आजार म्हणत नाहीत. 'बाया आल्यात' म्हणतात. दाराला कडुलिंबाचे डहाळे लावले. स्वयंपाकात फोडणी बंद झाली. मधल्या खोलीची खिडकी चादरीनं झाकली आणि सोनलला तिथे निजवलं. डॉक्टर नाही, औषध नाही, अंघोळ नाही. अंगाला हात लावायचा नाही, पुसायचंही नाही. देवी आपण होऊन जाईपर्यंत थांबायचं.

आणि जी मामी एरवी सोनलला दिवसभर ओरडायची, ती तिच्या उशाशी बसून हात जोडून विचारायची, "काय जोयजे आई तुले?" काय पाहिजे सांग, आई. आठ वर्षांच्या मुलीला. सोनल म्हणाली पिवळी कुल्फी, तर पिवळी कुल्फी आली.

मला कुणी काही विचारत नव्हतं. मी तिथे 'मॅडम' होते. "मॅडमला भाकर चालंल का? का ब्रेड आनू?" असं मामा म्हणायचा आणि सगळे हसायचे. तो प्रेमानंच म्हणायचा, हे आता कळतं.

सुट्टीच्या अभ्यासासाठी मी बारा रंगांची स्केचपेनं नेली होती. पोटावर घामोळं होतंच. तिसऱ्या दुपारी मी त्यातल्या चार पुटकुळ्यांवर लाल पेन टेकवलं आणि मामीला फ्रॉक वर करून दाखवला.

मामीनं त्या अंधाऱ्या खोलीत वाकून पाहिलं आणि लगेच गालावर हात मारून घेतले. "हिलाबी आल्या गं बाई!"

एरवी कुठल्याही घरात हे अर्ध्या तासात उघडं पडलं असतं. कुणीतरी बोट फिरवलं असतं, अंघोळ घातली असती, डॉक्टरकडे नेलं असतं. पण तिथे बोट फिरवायचंच नव्हतं. घामानं रंग फिका पडला की मी पांघरुणाखाली परत गिरवायचे. आणखी दोन ठिपके वाढवले. मलाही कुल्फी आली.

दुसऱ्या दिवशी नाशिकहून आई आली, एसटीनं, उन्हातून. मी तिला सांगणारच होते. मला वाटलं होतं, ती नेहमीसारखी कपाळाला हात लावून ताप बघेल आणि मी तिच्या कानात सांगेन. पण आईनं माझ्या कपाळाला हात लावला नाही. ती दारातच थांबली, डोक्यावर पदर घेतला, मग जवळ येऊन माझ्या पायांशी वाकली. "आई, लेकराला हलकं कर," ती म्हणाली. मला नाही, माझ्यात आलेल्या कुणाला तरी.

त्यानंतर मी सांगू शकले नाही. ज्या बाईनं आपल्या पायाला हात लावलाय, तिला कसं सांगायचं, की हे स्केचपेन आहे?

पाचव्या दिवशी कडुलिंबाच्या पाण्यानं आम्हा दोघींना अंघोळ घातली. सोनलच्या अंगावर खपल्या होत्या. माझं पोट स्वच्छ निघालं. "बघ," आई मामीला म्हणाली, "डागसुद्धा ठेवला नाही." त्याच दुपारी पप्पांचा निरोप आला म्हणून आम्हाला गाडी पकडावी लागली. दहीभाताचा नैवेद्य आईच्या वतीनं मामीनं दाखवला.

मग ही गोष्ट आईची झाली. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फॉर्मवर. त्याच वर्षी आमच्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की कांजण्यांची लस सरकारी यादीत नाही, पण घेतलेली बरी. आई हसून म्हणाली, "हिला होऊन गेल्यात." मी शेजारच्या स्टुलावर पाय हलवत बसले होते. सुई टळली, याचा आनंद झाल्याचं मला स्पष्ट आठवतं.

*

औषधं सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात सूज उतरली आणि मॅडमनी अर्धा दिवस शाळेत जायची परवानगी दिली. त्यांनी दिलेला सूचनांचा कागद आईनं फ्रिजवर आंब्याच्या चुंबकाखाली लावला होता. बाहेरचं पाणी नको, गर्दीत मास्क. सातवी ओळ अशी: कांजण्या झालेल्या नसतील आणि रुग्णाशी संपर्क आला, तर त्याच दिवशी फोन करा. आईनं तो कागद पहिल्या दिवशी मोठ्यानं वाचला, तेव्हा सातव्या ओळीशी म्हणाली, "हे आपल्याला लागू नाही," आणि आठवीवर गेली.

एका रविवारी दुपारी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. सिनियर केजीतल्या एका मुलीला कांजण्या आल्यात, पालकांनी काळजी घ्यावी. मुलीचं नाव नव्हतं. मला ते लागणारही नव्हतं. शुक्रवारी अन्वीची वेणी सुटली होती आणि ती माझ्या मांडीत बसून म्हणाली होती, "टीचर, मला बरं नाही वाटत." मी तिची वेणी घालून दिली होती. तिच्या मानेचा ऊनपणा माझ्या मनगटाला लागला होता.

मी मॅडमचा नंबर काढला. समोर आई कोथिंबीर निवडत होती. मी वाक्य जुळवत होते. आधी इंग्रजीत, मग मराठीत. 'आईचा गैरसमज झाला होता' असं म्हटलं तर दोष आईवर जात होता. 'मी खोटं बोलले होते' असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार होता, की मग त्या दिवशी समोर बसून मान का हलवलीस?

"कुणाचा मेसेज गं?" आईनं विचारलं.

"शाळेचा. उद्या हिरवे कपडे घालायचेत मुलांनी."

इतकं वाक्य मात्र लगेच जुळलं.

मॅडमनी नंतर सांगितलं, की त्या दिवशी फोन आला असता तर तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन देता आलं असतं. शरीराला लढायला शिकवायला वेळ नसतो, तेव्हा दुसऱ्यांच्या शरीरात तयार झालेलं संरक्षण उसनं देतात. ते फार दिवस टिकत नाही, पण तेवढे दिवस निभावून नेतं. मला तेवढेच दिवस हवे होते.

पंधरा दिवसांनी पाठीवर, हाताला लागेल पण दिसणार नाही अशा जागी, पहिला फोड आला. तेव्हाही मी एक दिवस कुणाला सांगितलं नाही.

*

त्या खोलीतल्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. सकाळी सहाला रक्त काढायचे. सातला मावशी. आठला डॉक्टरांचा राउंड, पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली माणसं. दिवसातून तीनदा विषाणूवरचं औषध सलाइनमधून. मध्ये फक्त श्वास. एक घेतला की पुढचा येईल की नाही, हे बघत राहायचं.

घशातही फोड होते. एका सिस्टरनी माझी नखं कापली, एकेक बोट हातात घेऊन, मी खाजवू नये म्हणून. कुणी इतक्या सावकाश माझा हात धरल्याला फार वर्षं झाली होती. हरसूलच्या मावशी ओल्या गॉजनं ओठ पुसायच्या आणि विचारायच्या, "बोलायचंय का काय, बाय?" मी डोळ्यांनी नाही म्हणायचे. पप्पा काचेपलीकडे उभं राहून हात हलवायचे आणि मग त्या हाताचं काय करायचं ते न कळून तो खिशात घालायचे. या तीन गोष्टी बऱ्या होत्या.

कांजण्यांशी शरीराला लढता यावं, म्हणून किडनीची औषधं थांबवावी लागली. मॅडम म्हणाल्या, "दुसरा मार्ग नाही." थांबवली तशी लुपसनं डोकं वर काढलं. माझा श्वास वाचला. किडन्या नाही वाचल्या.

राउंडनंतर एकदा दाराशी मॅडम आईला म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणाला होतात, हिला होऊन गेल्यात."

"झाल्या होत्या हो मॅडम! देवाशप्पथ. माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात."

मॅडम फार मऊपणानं म्हणाल्या, "असतं असं कधीकधी. प्रतिकारशक्ती कमी असली की पुन्हाही होतात. तुमची चूक नाही."

त्या चांगल्या मनानंच म्हणाल्या. पण आईच्या हाती त्यातला एकच शब्द लागला. पुन्हा. पुन्हा का आल्या? उत्तर तिच्याकडे तयार होतं. कळवणला तिच्या हातचा नैवेद्य राहिला होता. ती गाडी पकडायला निघून आली होती.

*

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार तास खुर्चीत, हातात दोन सुया. शेजारच्या खुर्चीवरचे काका रोज विचारतात, "काय मग, आज किती पाणी काढणार?" जणू विहिरीवर भेटलोय. मी हसते. त्यांना तेवढं पुरतं.

तिथे एक शिकाऊ डॉक्टर आहे, माझ्याच वयाची. एका दिवशी तिनं माझ्या दोन्ही दंडांत कावीळ 'ब'ची लस टोचली. मी तिला कागदावर लिहून विचारलं, की मला लस चालत नाही ना?

"बोलतेस की लिहून," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "जिवंत चालत नाही. ही चालते."

मग तिनं समजावलं, ते मला जसं कळलं तसं सांगते. लस म्हणजे शरीराला दाखवलेला खोटा आजार. खरा विषाणू येण्याआधी त्याची ओळख करून द्यायची, म्हणजे शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करतं आणि ती तयारी लक्षात ठेवतं. खरा येतो तेव्हा त्याला आयता ओळखता येतो. ओळख करून द्यायच्या रीती वेगवेगळ्या. एक म्हणजे खराच विषाणू, पण अशक्त केलेला. गोवराची, कांजण्यांची लस अशी. तो अंगात थोडा वाढतो, म्हणून शरीर नीट शिकतं आणि बहुधा पुष्कळ वर्षं विसरत नाही. पण माझ्यासारखीच्या अंगात अशक्त विषाणूलाही आवरणारं कुणी नसतं. दुसरी, मारून टाकलेला विषाणू. कुत्रा चावल्यावर देतात ती तशी. मेलेला वाढत नाही, म्हणून धोका नाही, पण शिकवण कच्ची राहते आणि पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. तिसरीत अख्खा विषाणू नसतोच, त्याच्या बाहेरच्या आवरणाचा एक तुकडा असतो. कावीळ 'ब'ची ती. आणि एका प्रकारात तुकडाही देत नाहीत, तो कसा बनवायचा याचा निरोप देतात. कधी निरुपद्रवी केलेल्या दुसऱ्या विषाणूच्या पाठीवर लादून, कधी नुसताच चरबीच्या थेंबात गुंडाळून. करोनात आपण रांगा लावून घेतली, ती बहुतेकांची पाठीवर लादलेली होती.

"समजलं?"

मी मान हलवली.

समजलं होतं. खोटा आजार मीही आणला होता. पण लसीचा खोटेपणा आत जातो, शरीराला काहीतरी शिकवून जातो. माझा कातडीच्या वरच राहिला. शरीर काहीच शिकलं नाही, शिकली ती माणसं. आई, मामी, डॉक्टर, शाळेचा फॉर्म. सगळ्यांनी मला होऊन गेल्याचं लक्षात ठेवलं आणि कुणीही विसरलं नाही.

त्या कावीळ 'ब'च्या लसीचे चारही डोस झाल्यावर रक्त तपासलं. संरक्षण पुरेसं तयार झालं नव्हतं. "डायलिसिसवर होतं असं," ती म्हणाली, "पुन्हा देऊ." मी घरी येऊन तो कागद फाईलला लावला. कांजण्यांच्या अँटिबॉडीज मात्र भरपूर आहेत. ती लस आता मला कधीच लागणार नाही.

*

पप्पांना साखर आहे, म्हणून ते किडनी देऊ शकत नाहीत. मी एकटीच. राहिली आई. रक्तगट जुळला तेव्हा तिनं दवाखान्यातच डोळे पुसले. मॅडमनी तारीख सांगितली नाही, एवढंच म्हणाल्या, "लुपस शांत आहे. तुमच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या की बघू."

पहिल्यांदा आईचं हिमोग्लोबिन कमी आलं. गोळ्या दिल्या. दुसऱ्यांदा आणखी कमी, वजन पाच किलो उतरलेलं. मॅडमनी विचारलं, "जेवता काय तुम्ही?"

"सगळं जेवते," आई म्हणाली.

मला माहीत होतं ती काय जेवते. मी घरातच असते. देवी म्हणून कळवणहून आणलेला एक गोल दगड आमच्या देव्हाऱ्यात आलाय, हळदीकुंकवाखाली. देवी कोप मागे घेईपर्यंत आई गरम अन्नाला शिवत नाही. दिवसातून एकदा, आदल्या दिवशीचा भात आणि दही. चहासुद्धा नाही. मामीनं फोनवर तिला पुष्कळ समजावलं. "अवं ताई, नैवेद्य मी दाखवला व्हता ना! लय चांगला दाखवला व्हता."

"तुझा नैवेद्य तुझ्या लेकीचा. माझ्या लेकीचा माझ्या हातनं व्हायला पाहिजे होता," आई म्हणाली. कळवणशी बोलताना तिचं मराठी तिकडचं होतं.

पप्पा एकदा ताट आपटून उठले. "तू मरशील आणि तिलाही मारशील!" त्यानंतर घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मला ते सवयीचं वाटलं, याचीच लाज वाटली.

हे वाचणाऱ्यांमध्ये माझ्यासारखं कुणी असेल, तर एवढंच सांगते. डॉक्टर विचारतात तेव्हा उत्तर आईला देऊ देऊ नका. 'बहुतेक झाल्यात' असं म्हणत असाल, तर रक्त तपासून घ्या, अंगात संरक्षण आहे की नाही ते कळतं. घरातल्या इतरांनी आपापल्या लसी घ्याव्यात, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून. ज्याला टोचता येत नाही, तो आजूबाजूच्यांच्या दंडांवर जगतो. आणि खोटं बोलला असाल तर सांगून टाका. मी हे लिहितेय, पण सोपं आहे असं म्हणत नाही.

गेल्या मंगळवारी तिसरा रिपोर्ट आला. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "ताई, आणखी एकदा असं आलं, तर मला तुमचा विचार सोडावा लागेल. मग हिचं नाव किडनीसाठीच्या यादीत. तिथे किती वाट बघावी लागेल, मी सांगू शकत नाही."

घरी आलो. साडेअकरा झाले होते. पप्पा परस्पर कामावर गेले. आईनं माझ्यासाठी कुकर लावला, माझा मोजून दिलेला भात आणि बिनमिठाचं वरण. स्वतःसाठी फ्रिजमधून कालचा भात काढला. मी टेबलाशी बसले होते, बाह्या वर सरकवलेल्या. हातांवर कांजण्यांचे खड्डे आहेत, आता कायमचे. आई वाढायला आली आणि तिची नजर त्यांच्यावर थांबली.

तिनं ताट खाली ठेवलं. डोक्यावर ओढणी घेतली. मला वाटलं ती देव्हाऱ्याकडे जाईल. ती तिथेच खाली बसली, माझ्या खुर्चीशी, आणि माझ्या सुजलेल्या पायांना हात लावला.

"आई," ती म्हणाली, माझ्यात नसलेल्या कुणाला तरी, "माझं चुकलं. लेकराला सोड."

मी सात वर्षांची असतानाची तिची मान मला आठवली, एसटीच्या धुळीनं भरलेली. आता ती मान इतकी बारीक झालीय की मणके मोजता यावेत. कुकरची शिट्टी झाली. वाक्य जुळलेलं नव्हतं. कुठल्याच भाषेत नव्हतं. मी तिचे हात धरून पायांवरून काढले.

"आई, ऊठ. मला तेव्हा आल्याच नव्हत्या. सोनलचं बघून मी काढल्या होत्या, पोटावर, लाल स्केचपेननं. मला माहीत होतं, दवाखान्यात तू बोलत होतीस तेव्हाही माहीत होतं. नैवेद्याचं काही नाही. तुझं काही नाही. तू गरम जेव."